देवळालीचे गणितशिक्षक

पुण्याहून नाशिकला जाणारा मार्ग आंबेगाव तालुक्यात मंचर या गावावरून जातो. मंचरच्या एस. टी. स्थानकात दिवसभर गाड्या येतात आणि जातात. प्रत्येक गाडीवर तिच्या क्रमांकाची पाटी असते आणि त्या पाटीच्या शेवटी चार अंक असतात. गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने त्या अंकांकडे एकदा निराळ्या दृष्टीने पाहावे. समजा, गाडीचा क्रमांक ३०८७ आहे. हे चार अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ८७३० ही संख्या होते. चढत्या क्रमाने मांडले तर ०३७८. मोठीतून लहान वजा केली असता ८३५२ उरतात. आता हीच कृती ८३५२ वर करावी. ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. तिसऱ्यांदा करू गेल्यास ७६४१ वजा १४६७, आणि उत्तर पुन्हा ६१७४ च. येथून पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ही संख्या जागची हलत नाही. दुसरी गाडी आली, तिचा क्रमांक वेगळा असला, तरी पायऱ्या तेवढ्या कमीअधिक होतील; मुक्काम तोच. चारही अंक सारखे असलेली एखादी गाडी मात्र या प्रवासास निघतच नाही, कारण तिची पहिलीच वजाबाकी शून्यावर संपते.

हा खेळ ज्यांनी शोधून काढला ते याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाशी, नाशिकजवळच्या देवळाली गावी, शाळेत गणित शिकवीत असत. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मुलांना संगणकास आज्ञा देण्याची विद्या जेथे शिकविली जाते, तेथे आज पुष्कळ ठिकाणी ही वजाबाकी आरंभीच्या अभ्यासांत दिली जाते आणि ६१७४ ही संख्या कापरेकर स्थिरांक या नावाने ओळखली जाते. ज्या वर्षी ती त्यांना सापडली त्या वर्षी मात्र साऱ्या हिंदुस्थानात एकही संगणक नव्हता.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणू गावी झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई निवर्तली आणि पुढचे संगोपन वडिलांनी केले. वडील पेशाने कारकून होते, पण त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. कुंडली मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. ती पाहता पाहता मुलास आकड्यांची गोडी लागली. वडिलांना अंकांत ग्रहांचे संकेत दिसत. मुलाने ग्रह सोडून दिले आणि अंक तेवढे जवळ केले. माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्यास राहिले. इतर मुलांना जी गणिते शिक्षेसारखी वाटत, ती घेऊन हा मुलगा तासन् तास बसत असे. कोडे जितके अवघड, तितका त्याचा उत्साह अधिक.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. गणितातील स्वतंत्र लेखनासाठी तेथे रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक दिले जात असे. ते १९२७ साली कापरेकरांनी मिळविले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. एवढ्या बुद्धीचा तरुण पुढे उच्च पदवी घेऊन महाविद्यालयात प्राध्यापक होईल असे कोणासही वाटले असते. तसे झाले नाही. १९३० पासून ते देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, तेथेच राहिले.

शाळेतील शिक्षकाचा दिवस कसा जातो हे विद्यार्थ्यांना सांगावयास नको. घंटा, हजेरी, फळा, खडू आणि तपासावयाच्या वह्यांचे ढीग. यातून जो वेळ उरे तो कापरेकर अंकांना देत. त्यांना मोठे ग्रंथालय उपलब्ध नव्हते, मार्गदर्शन करणारा कोणी आचार्य नव्हता आणि अवघड उपकरणेही नव्हती. कागद आणि पेन्सिल एवढ्या साहित्यावर त्यांचे काम चाले. त्यांची रीतही साधी होती. एखादी संख्या घ्यावयाची, तिच्यावर एक ठरावीक कृती करावयाची, आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावयाची, आणि काय घडते ते पाहत राहावयाचे.

अशा रीतीने त्यांना ज्या संख्या भेटल्या त्यांना त्यांनी मोठ्या प्रेमाने नावे ठेवली. त्या काळी मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेमलो नावाचे रेल्वे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. तेथे सुचलेल्या एका विचारावरून निघालेल्या संख्यांस त्यांनी डेमलो संख्या म्हटले. १११ ला १११ नेच गुणले की १२३२१ ही जी डौलदार संख्या येते, ती त्याच कुळातली. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ होते आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. काही संख्यांना तर लोकांनी कापरेकरांचेच नाव दिले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे केले तर २० आणि २५, आणि त्यांची बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्या विरळ आहेत, म्हणूनच त्या शोधण्यात गंमत आहे.

स्वयंभू संख्यांची कल्पना मला या सर्वांत अधिक मनोहर वाटते. कोणतीही संख्या घ्यावी आणि तीत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये २ आणि १ यांची बेरीज ३ मिळविली की २४ होतात. २४ मध्ये ६ मिळविले की ३०. ३० मध्ये ३ मिळविले की ३३. प्रत्येक संख्या जणू पुढच्या संख्येस जन्म देते. मग असा प्रश्न पडतो की, प्रत्येक संख्येस जनक असतोच काय? २१ चा जनक १५ आहे. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. परंतु २० चा जनक शोधू गेल्यास तो सापडत नाही. ३१ चा नाही, ४२ चा नाही, ५३ चाही नाही. कोणापासूनही न जन्मलेल्या या संख्या स्वयंभू होत. १९६३ साली, म्हणजे शाळेतून निवृत्त झाल्यानंतर लगेच, कापरेकरांनी या विषयावर देवळालीहूनच एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

६१७४ चे गुपित त्यांना उमगले ते १९४६ साली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एनिॲक नावाचे विद्युत-गणनयंत्र लोकांना दाखविण्यात आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याचे वजन जवळजवळ ३० टन होते. आपल्या देशात पहिला संगणक कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येण्यास १९५५ साल उजाडावे लागले. एनिॲकसारखी यंत्रे जे काम वेगाने करीत, म्हणजे ठरलेली कृती न थकता, न चुकता, पुन:पुन्हा करीत राहणे, तेच काम देवळालीतील शिक्षक हाताने करीत होते. संगणक या शब्दाचा मूळ अर्थच गणना करणारा असा आहे. इंग्रजीतही या अर्थाचा शब्द यंत्रांच्या आधी माणसांसाठीच वापरला जाई. वेधशाळांतून आकडेमोड करीत बसणाऱ्या स्त्रीपुरुषांस तेच नाव होते.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत मांडला. पुढे अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावरचा त्यांचा लेख छापून आला. तथापि आपल्या देशातील गणितज्ञांत त्याचे म्हणावे तसे स्वागत झाले नाही. पुष्कळांना हे काम म्हणजे रिकामपणाचा छंद वाटला. कापरेकरांपाशी उच्च पदवी नव्हती, ते विद्यापीठात शिकवीत नव्हते, आणि त्यांचे निष्कर्ष शाळेतील मुलासही कळतील इतके सोपे होते. सोपे आहे म्हणून क्षुल्लक आहे, असा समज विद्वानांतही असतो. त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ६१७४ चा चमत्कार आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो यावर अवलंबून आहे. लिहिण्याची पद्धत बदलली की तो तसाच राहत नाही. मोठमोठे सिद्धांत ज्यावर उभे राहतात तशा प्रकारचा हा शोध नव्हता. परंतु एका साध्या कृतीचा शेवट कोठे होतो, तो नेहमी होतोच काय, आणि किती पायऱ्यांत होतो, हे प्रश्न त्यात होते. आणि संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यास रोज याच प्रश्नांस उत्तर द्यावे लागते.

हे नीट समजावयाचे तर कापरेकरांचा खेळ वर्गात खेळून पाहिला पाहिजे. मंचरच्या शाळेतील एखाद्या वर्गात तो सहज खेळता येईल. त्यास संगणक लागत नाही, वीजही लागत नाही. चार विद्यार्थी ओळीने उभे करावे. पहिल्याने दिलेले अंक उतरत्या क्रमाने लिहावयाचे, दुसऱ्याने चढत्या क्रमाने, तिसऱ्याने वजाबाकी करावयाची. चौथ्याचे काम एकच, नवे उत्तर आधीच्या उत्तराएवढेच आहे काय हे पाहणे. तसे असेल तर त्याने थांबा म्हणावे, नसेल तर कागद पुन्हा पहिल्याच्या हाती द्यावा. कोणी आपल्या मनाने काही करावयाचे नाही. जे काम नेमून दिले तेवढेच करावयाचे. हे चौघे मिळून एक संगणकच होतात.

या खेळात पहिल्याच दिवशी एक घोटाळा होतो आणि माझ्या मते तोच या खेळाचा सर्वांत मोलाचा भाग होय. समजा, २१११ ही संख्या दिली. २१११ मधून १११२ गेले, उरले ९९९. आता पहिल्या विद्यार्थ्याच्या हाती तीनच अंक आले. तो ९९९ लिहितो, दुसराही ९९९ लिहितो, तिसरा वजाबाकी करून शून्य देतो आणि खेळ बिघडतो. चूक कोणाची? तिघांनीही आपापले काम बिनचूक केले होते. चूक नियम सांगणाऱ्याची होती, कारण उत्तर तीन अंकी आले तर त्यामागे शून्य लिहून ते चार अंकी करावे हे सांगावयाचे राहून गेले. माणूस असता तर त्याने ते अंदाजाने ओळखले असते. यंत्र अंदाज करीत नाही. शून्याचा नियम घातला की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि पाचव्या पायरीस ६१७४. फळ्यावरील एक शून्य विसरल्याने काय होते हे ज्याने एकदा पाहिले, त्यास आज्ञावली लिहिताना दक्ष का राहावे लागते हे निराळे सांगावे लागत नाही.

पुढचा प्रश्न अधिक खोल आहे. सर्वच चार अंकी संख्या ६१७४ ला पोहोचतात हे कशावरून? मागे शून्ये लावून लिहिलेल्या लहान संख्याही धरल्या तर एकूण दहा हजार संख्या होतात. त्यांतून चारही अंक सारखे असलेल्या दहा वगळल्या तरी ९९९० उरतात. संगणक त्या एका क्षणात तपासतो. पण वर्गातील मुलांनी त्या साऱ्या तपासाव्या काय? येथे विचार श्रमांच्या मदतीस येतो. पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन फरकांवर ठरते. चार अंकांतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान यांतील फरक हा पहिला. उरलेल्या मधल्या दोन अंकांतील फरक हा दुसरा. पहिल्यास ९९९ ने गुणावे, दुसऱ्यास ९० ने गुणावे आणि बेरीज करावी. ३०८७ मध्ये पहिला फरक ८, दुसरा ४. म्हणून ७९९२ आणि ३६० मिळून ८३५२. पहिला फरक १ ते ९ यांपैकी कोणताही असू शकतो, आणि दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. पहिला १ असेल तर दुसरा ० किंवा १, म्हणजे दोन प्रकार. पहिला २ असेल तर तीन प्रकार. असे मोजत ९ पर्यंत गेले की एकंदर प्रकार भरतात ५४. ९९९० संख्यांची पहिली वजाबाकी या चोपन्न उत्तरांपैकी एखाद्यावर येते. तेव्हा चोपन्न चिठ्ठ्या करून वर्गात वाटल्या की, एका तासात साऱ्या संख्यांचा निकाल लागतो. अधिकात अधिक सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या मुक्कामास पोहोचते हेही मुलांना स्वत:च्या हातांनी पडताळता येते.

कापरेकरांच्या हयातीत संगणक शाळांपर्यंत आलेले नव्हते. त्यांना आसपासच्या महाविद्यालयांतून व्याख्यानास बोलावणी येत आणि ते आपल्या रीती तेथील विद्यार्थ्यांना समजावून देत. गणिताच्या परिषदांना ते आवर्जून जात. पदरच्या पैशाने पुस्तिका छापीत. विद्वानांनी पाठ फिरविली म्हणून त्यांनी अंकांकडे पाठ फिरविली नाही. निवृत्तीनंतरची वर्षे मात्र ओढाताणीची गेली. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांची राहणी अत्यंत साधी होती. खर्च असा फारसा नव्हताच. तरीही निवृत्तिवेतनात भागेना, तेव्हा उतारवयात त्यांना गणिताच्या व विज्ञानाच्या शिकवण्या करून पोट भरावे लागले. या काळातही त्यांचे संशोधन थांबले नाही. कोपर्निकसच्या जन्मास पाचशे वर्षे झाली तेव्हा त्या थोर ज्योतिर्विदाच्या नावाने त्यांनी एक जादूचा चौरस तयार केला.

त्यांच्या कामाची जगाला ओळख झाली ती त्यांच्या वयाच्या सत्तराव्या वर्षी. मार्टिन गार्डनर हे अमेरिकन लेखक सायंटिफिक अमेरिकन या मासिकात गणितातील गमतींविषयी सदर लिहीत. १९७५ सालच्या मार्च महिन्यात त्यांनी त्यात कापरेकरांविषयी लिहिले, आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव अनेक देशांतील वाचकांपर्यंत गेले. त्याच सुमारास संगणक स्वस्त व लहान होऊ लागले होते. ज्यांच्या हाती ते आले त्यांना त्यावर करून पाहण्याजोगी एखादी सोपी पण खरी कृती हवी असे. कापरेकरांची वजाबाकी त्यास अगदी योग्य होती. पुढे तीन अंकांसाठी ४९५ ही संख्या मुक्काम ठरते, पाच अंकांसाठी असा एकही स्थिर मुक्काम नाही, अशा गोष्टींचा अभ्यास झाला. कापरेकर १९८६ साली देवळालीस वारले.

ज्या विद्यार्थ्यास ही वजाबाकी साधली असेल त्याने त्यांच्या आयुष्यातील काही वर्षे घेऊन पाहावी. ६१७४ सापडले ते १९४६ साल घ्यावे : ९६४१ वजा १४६९, उत्तर ८१७२. गार्डनर यांनी लेख लिहिला ते १९७५ घ्यावे : ९७५१ वजा १५७९, पुन्हा ८१७२. त्यांच्या मृत्यूचे १९८६ घेतले तरी पहिल्याच पायरीस ८१७२. जन्मवर्ष १९०५ जरा वळसा घेते. प्रथम ९३५१ येतात आणि दुसऱ्या पायरीस तेच ८१७२. तेथून सर्वांची वाट एकच : ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. कापरेकरांच्या वडिलांनी यात एखादा योग पाहिला असता. खरे कारण वरच येऊन गेले आहे. १९४६, १९७५ आणि १९८६ या तिन्हींत मोठ्यात मोठा अंक ९ व लहानात लहान १, म्हणजे पहिला फरक ८; आणि ६ व ४, ७ व ५, ८ व ६ यांतील फरक २. आठ वेळा ९९९ आणि दोन वेळा ९० मिळून ८१७२ होतात. १९३५ आणि १९५७ या वर्षांचेही उत्तर तेच येते, आणि कापरेकरांच्या चरित्रात त्या दोन वर्षी विशेष काही घडल्याची नोंद नाही.